वृषणाच्या बायॉप्सीचा अहवाल कसा वाचावा आणि त्यावरून उपचाराचे काय ठरवावे

वृषणातील ऊतींच्या तपासणीचा अहवाल हातात आला की बहुतेक दांपत्ये त्यातील शेवटची ओळ आधी वाचतात आणि तेथेच थांबतात. त्या ओळीत ‘सर्टोली सेल ओन्ली’, ‘मॅच्युरेशन अरेस्ट’ किंवा ‘हायपोस्पर्मॅटोजेनेसिस’ असे एखादे नाव असते आणि ते नाव म्हणजेच आपल्या अपत्यप्राप्तीविषयीचा निकाल, अशी समजूत करून घेतली जाते. वस्तुतः ते नाव काचपट्टीवर आलेल्या काही मिलिमीटरच्या तुकड्यातील, शुक्राणू जेथे तयार होतात त्या बहुसंख्य नलिकांचे वर्णन करते. उपचारासाठी मात्र त्या तुकड्यातील, किंबहुना संपूर्ण वृषणातील, सर्वांत चांगल्या नलिकेला महत्त्व असते, कारण इक्सी या पद्धतीत, म्हणजे शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडताना, एका स्त्रीबीजासाठी एकच शुक्राणू लागतो. अहवालातील प्रत्येक शब्द या कसोटीवर वाचावा.

हे मार्गदर्शन ज्यांच्या वीर्यात शुक्राणू मुळीच आढळत नाहीत, म्हणजे ज्यांना ॲझोस्पर्मिया आहे, अशा पुरुषांसाठी आणि त्यांच्या जोडीदारांसाठी आहे. ही अवस्था साधारणपणे शंभरातील एका पुरुषात आणि वंध्यत्वासाठी तपासणी करून घेणाऱ्या पुरुषांपैकी १० ते १५ टक्क्यांत आढळते. उपचाराचा निर्णय अर्थातच तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासून द्यावयाचा आहे. येथे उद्देश एवढाच की, त्यांच्यासमोर बसताना कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणत्या उत्तराचा अर्थ काय होतो, हे आधी ठाऊक असावे.

बायॉप्सीच्या आधी काय झालेले असावे

पहिली गोष्ट म्हणजे शुक्राणू खरोखरच नाहीत याची खात्री. एका वीर्यतपासणीवर विसंबू नये; वेगवेगळ्या दिवशी घेतलेले किमान दोन नमुने तपासलेले असावेत आणि दोन्ही वेळा नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली नीट शोधलेला असावा. तसा उल्लेख अहवालात नसेल तर प्रयोगशाळेला विचारावा. साक्यात मोजके का होईना शुक्राणू मिळाले, तर ते गोठवून ठेवता येतात आणि शस्त्रक्रियेची गरजच टळू शकते. ज्याला शून्य म्हटले जाते ते नेहमीच शून्य नसते, आणि साका तपासण्याची ही साधी पायरी वगळून थेट शस्त्रक्रियेकडे जाणे मला कधीच समर्थनीय वाटलेले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अडथळा आहे की निर्मितीच कमी आहे, हे ठरवणे. वृषणात शुक्राणू तयार होतात पण मार्ग बंद असल्याने बाहेर येत नाहीत, हा एक प्रकार. वृषणातच निर्मिती होत नाही किंवा फार थोडी होते, हा दुसरा. यांतील फरक बहुतेकदा सुईविनाच कळतो. वृषणांचा आकार, हाताला लागणारी किंवा न लागणारी शुक्रवाहिनी, फुगलेले अधिवृषण (वृषणाला लागून असलेली, शुक्राणू साठवणारी नळी), वीर्याचे प्रमाण आणि रक्तातील एफएसएच या संप्रेरकाची पातळी एवढ्यावरून बरेच समजते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुउद्धृत अभ्यासात एफएसएच ७.६ पेक्षा जास्त आणि वृषणाची लांबी ४.६ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेल्या पुरुषांपैकी ८९ टक्क्यांत निर्मितीचा दोष होता, तर एफएसएच ७.६ किंवा त्याखाली आणि लांबी ४.६ सेंटिमीटरपेक्षा अधिक असलेल्यांपैकी ९६ टक्क्यांत अडथळा होता. वीर्याचे प्रमाण फार कमी आणि ते आम्लधर्मी असेल, तर वीर्यस्खलनाच्या नलिकेतील अडथळ्याचा किंवा दोन्ही शुक्रवाहिन्या जन्मतःच नसण्याचा विचार करावा लागतो. या दुसऱ्या स्थितीत सिस्टिक फायब्रोसिसशी संबंधित सीएफटीआर जनुकाची तपासणी पुरुषाबरोबर पत्नीचीही करावी लागते, कारण दोघांतही दोष असल्यास अपत्याला तो आजार होण्याची शक्यता असते.

या नियमांना एक ठळक अपवाद आहे. मॅच्युरेशन अरेस्टमध्ये, म्हणजे शुक्राणूंची वाढ मधल्या टप्प्यावर अडकलेली असताना, वृषणांचा आकार आणि एफएसएच दोन्ही अगदी सामान्य असू शकतात. म्हणून ‘हार्मोन्स चांगले आहेत, म्हणजे नळीच बंद असणार’ हे अनुमान अधूनमधून फसते, आणि अशा वेळी ऊतींची तपासणीच खरी परिस्थिती दाखवते.

तिसरी गोष्ट औषधांची. शरीर कमावण्यासाठी किंवा थकवा घालवण्यासाठी बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन मेंदूतून वृषणाकडे जाणारे संदेश थांबवते आणि शुक्राणूनिर्मिती बंद पाडते. असे काही घेतले असेल तर संकोच न करता सांगावे. ते थांबवल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षभराने वा त्याहून उशिरा, निर्मिती पुन्हा सुरू होऊ शकते. त्याचप्रमाणे पिट्युटरी ग्रंथीकडूनच संप्रेरके कमी येत असतील, म्हणजे एफएसएच आणि एलएच दोन्ही फार कमी असतील, तर एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शने हा उपचार आहे. अशा पुरुषाच्या वृषणाला सुई लावण्याची आधी गरज नसते.

चौथी गोष्ट जनुकीय तपासणीची. निर्मितीचा दोष आहे असे दिसल्यास गुणसूत्रांची तपासणी आणि वाय गुणसूत्रावरील सूक्ष्म लोपांची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी. वाय गुणसूत्राच्या एझेडएफए किंवा एझेडएफबी या भागाचा पूर्ण लोप असेल तर वृषणात शुक्राणू सापडण्याची आशा जवळजवळ नसते आणि शस्त्रक्रिया करू नये असाच सल्ला दिला जातो. एझेडएफसी भागाचा लोप असेल तर मात्र निम्म्याच्या आसपास पुरुषांत शुक्राणू मिळतात. पण तो लोप प्रत्येक मुलग्याकडे जातो, हे दांपत्याला आधी कळायला हवे. एका रक्ततपासणीने जे समजते ते ऊती कापून समजून घेणे योग्य नाही.

केवळ निदानासाठी बायॉप्सी करावी का?

पूर्वी अडथळा की निर्मितीचा दोष, एवढे ठरवण्यासाठी सर्रास बायॉप्सी केली जाई. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन आणि अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन यांच्या २०२० च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांनुसार केवळ या कारणासाठी नेहमीची पायरी म्हणून बायॉप्सी करू नये. कारण सरळ आहे. शुक्राणू सापडण्याचा प्रयत्न पुढे करायचाच असेल, तर शोध आणि ऊतींचा नमुना ही दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकता येतात. आणि आधी नुसतीच बायॉप्सी करून त्यात काही सापडले तरी ते वाया जाण्याचा धोका असतो.

म्हणून कोणी ‘आधी बायॉप्सी करून पाहू’ असे सुचवले, तर तीन प्रश्न विचारावेत. या बायॉप्सीने उपचाराचा मार्ग बदलणार आहे का? शुक्राणू मिळाले तर ते त्याच वेळी गोठवण्याची सोय आहे का? आणि नमुन्याचा एक भाग एम्ब्रियॉलॉजिस्टकडे (प्रयोगशाळेत शुक्राणू, स्त्रीबीजे व गर्भ हाताळणारे तज्ज्ञ) व एक पॅथॉलॉजिस्टकडे (ऊती तपासून अहवाल देणारे डॉक्टर) जाणार आहे का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली, तर दुसरे मत घ्यावे.

अहवाल वाचण्याचा क्रम

सुरुवात निष्कर्षापासून करू नये. नमुन्याच्या वर्णनापासून करावी. नमुना कोणत्या बाजूच्या वृषणाचा आहे, एकच तुकडा आहे की अनेक, आणि तो कशात बुडवून पाठवला होता, हे तेथे लिहिलेले असते. वृषणाच्या ऊतींसाठी बुइन्स द्राव वापरण्याची पद्धत आहे, कारण साध्या फॉर्मेलिनमध्ये पेशी आक्रसतात, पेशीकेंद्रकांची बारीक रचना पुसट होते आणि वाढीचे टप्पे ओळखणे अवघड जाते. अहवालात फॉर्मेलिनचा उल्लेख असेल तर अहवाल निरुपयोगी ठरत नाही, पण ‘लवकरच्या टप्प्यावर अडकलेले’ आणि ‘उशिराच्या टप्प्यावर अडकलेले’ यांसारख्या सूक्ष्म भेदांवर भार किती टाकायचा, याचा विचार करावा लागतो.

त्यानंतर किती नलिका पाहिल्या ते शोधावे. शंभरच्या आसपास नलिकांचे छेद पाहून काढलेला निष्कर्ष आणि दहाबारा नलिकांवरून काढलेला निष्कर्ष यांची किंमत सारखी नाही. इतर अनेक ठिकाणी शितावरून भाताची परीक्षा होते, वृषणात ती होत नाही. एकाच वृषणात रिकाम्या नलिकांच्या शेजारी शुक्राणू तयार करणारी एखादी नलिका असू शकते.

मग नलिकांचे वर्णन वाचावे. निरोगी शुक्रजनक नलिकेच्या भिंतीलगत स्पर्मॅटोगोनिया या मूळ पेशी असतात, त्यांच्या आत स्पर्मॅटोसाइट, त्याहून आत गोल आणि नंतर लांबट झालेले स्पर्मॅटिड आणि अगदी पोकळीलगत पूर्ण वाढलेले शुक्राणू. या सर्वांना आधार आणि पोषण देणाऱ्या सर्टोली पेशी भिंतीपासून पोकळीपर्यंत पसरलेल्या असतात. मूळ पेशीपासून शुक्राणूपर्यंतचा हा प्रवास सुमारे अडीच महिन्यांचा असतो. अहवालात यांपैकी कोणत्या टप्प्यापर्यंतच्या पेशी ‘दिसल्या’ असे लिहिले आहे, हे पेन्सिलने अधोरेखित करून ठेवावे, कारण सर्वांत पुढचा टप्पा कोणता, हीच या कागदावरील सर्वाधिक उपयोगाची माहिती आहे. नलिकांची भिंत जाड झाली आहे का, नलिका पूर्णपणे तंतुमय होऊन मिटल्या आहेत का आणि नलिकांमधील जागेत लायडिग पेशी (टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या) वाढल्या आहेत का, हेही त्याच परिच्छेदात सापडते.

काही अहवालांत जॉनसन स्कोअर दिलेला असतो. १९७० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक नलिकेला १ ते १० गुण देतात: १ म्हणजे नलिकेत कोणतीच पेशी नाही, २ म्हणजे फक्त सर्टोली पेशी, ३ म्हणजे फक्त स्पर्मॅटोगोनिया, ४ आणि ५ म्हणजे स्पर्मॅटोसाइटपर्यंत, ६ आणि ७ म्हणजे स्पर्मॅटिडपर्यंत, आणि ८ ते १० म्हणजे शुक्राणू आहेत, चढत्या क्रमाने अधिक आणि अधिक सुव्यवस्थित. मग सर्व नलिकांच्या गुणांची सरासरी काढतात. सरासरी ही येथे फसवी गोष्ट आहे. समजा, एका पुरुषाच्या शंभर नलिकांपैकी ९० नलिकांना २ आणि १० नलिकांना ८ गुण मिळाले, सरासरी २.६ आली. दुसऱ्या पुरुषाच्या ४० नलिकांना २ आणि ६० नलिकांना ३ गुण मिळाले. त्याचीही सरासरी २.६ आली. पहिल्याच्या दहा नलिकांत प्रत्यक्ष शुक्राणू आहेत आणि दुसऱ्याच्या एकाही नलिकेत नाही. म्हणून अहवालात केवळ सरासरी असेल, तर पॅथॉलॉजिस्टला सर्वाधिक गुण किती आणि ते किती नलिकांना मिळाले, हे लेखी कळवण्याची विनंती करावी.

आणि शेवटी एक ओळ मुद्दाम शोधावी, जी अपत्यप्राप्तीशी थेट संबंधित नसली तरी आयुष्याशी संबंधित आहे: नलिकांमध्ये कर्करोगपूर्व जननपेशी आहेत की नाहीत. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या स्थितीला ‘जर्म सेल निओप्लाझिया इन सिटू’ म्हणतात. ती क्वचित आढळते, पण तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास सुमारे निम्म्या पुरुषांत पाच वर्षांत वृषणाचा कर्करोग होतो. लहानपणी वृषण खाली उतरले नव्हते अशा किंवा सोनोग्राफीत संशयास्पद ठिपके दिसलेल्या पुरुषांत या पेशी शोधण्यासाठी ऑक्ट ३/४ किंवा पीएलएपी यांसारखी विशेष रंगप्रक्रिया केली होती का, हे विचारणे अगदी रास्त आहे.

नावांचा अर्थ आणि शुक्राणू सापडण्याची शक्यता

ऊतींचे चित्र सामान्य असेल आणि वीर्यात शुक्राणू नसतील, तर अडथळा आहे. अशा पुरुषांत वृषणातून किंवा अधिवृषणातून साध्या सुईनेही शुक्राणू जवळजवळ नेहमी मिळतात, आणि काही अडथळे शस्त्रक्रियेने दूरही करता येतात. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

हायपोस्पर्मॅटोजेनेसिस म्हणजे सर्व टप्पे उपस्थित, पण प्रमाण कमी. निर्मितीच्या दोषांमध्ये हा सर्वांत आशादायक प्रकार आहे. बहुतेक अभ्यासांत अशा पाचांपैकी चार किंवा त्याहून अधिक पुरुषांत शुक्राणू मिळाले आहेत.

मॅच्युरेशन अरेस्टमध्ये कोणत्या टप्प्यावर, हा प्रश्न निर्णायक ठरतो. गोल स्पर्मॅटिडपर्यंत वाढ झालेली असेल तर पुढे कोठेतरी पूर्ण शुक्राणू असण्याची शक्यता स्पष्टपणे अधिक असते. स्पर्मॅटोसाइटवरच सारे थांबले असेल तर ती कमी होते. दुसरा प्रश्न म्हणजे सर्व नलिका एकाच टप्प्यावर थांबल्या आहेत का. तसे असेल तर त्यामागे जनुकीय कारण असण्याची शक्यता वाढते (एक्स गुणसूत्रावरील टेक्स११ या जनुकातील दोष हे त्यांपैकी एक चांगले अभ्यासलेले कारण आहे), आणि वृषण मोठे व एफएसएच सामान्य असूनही शोध अयशस्वी ठरू शकतो. सामान्य एफएसएच ही येथे शुभवार्ता ठरत नाही, हे रुग्णाला समजावणे अवघड जाते, पण समजावलेच पाहिजे.

सर्टोली सेल ओन्ली हे नाव ऐकून सर्वाधिक दांपत्ये खचतात. नलिकांत जननपेशी एकही नाही, फक्त आधारपेशी आहेत, असा त्याचा अर्थ. तरीही सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने शोध घेतल्यावर अशा अहवालाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश पुरुषांत शुक्राणू सापडल्याचे आढळते, कारण बायॉप्सीचा तुकडा ज्या जागेचा नव्हता तेथे निर्मितीची बेटे शिल्लक असू शकतात. ‘ओन्ली’ हा शब्द त्या तुकड्यापुरता खरा असतो. नमुन्यातील एखाद्याच नलिकेत जननपेशी दिसल्या असतील, तर ही शक्यता आणखी वाढते.

नलिका तंतुमय होऊन मिटल्या आहेत असे लिहिलेले असेल, तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची तपासणी झाली आहे का, हे पाहावे. या स्थितीत पुरुषाकडे एक जादा एक्स गुणसूत्र असते. वृषणे लहान व घट्ट लागतात, ऊतींत मिटलेल्या नलिका आणि वाढलेल्या लायडिग पेशी दिसतात. काचपट्टीवरचे हे चित्र उदास असले तरी अशा पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांत किंवा थोड्या अधिकांत शुक्राणू मिळालेले आहेत. ऊतींचे चित्र आणि प्रत्यक्ष यश यांतील अंतर इतके ठळक दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

मिश्र चित्र असेल तर अहवालातील ‘प्रामुख्याने’ या शब्दाच्या पुढचा भाग सोडून ‘काही ठिकाणी’ या शब्दांच्या पुढचा भाग वाचावा.

शोध कसा घेतला जातो

वृषणातून शुक्राणू काढण्याच्या पद्धतींत सुईने ओढून घेणे, छेद देऊन एक किंवा अनेक तुकडे काढणे आणि शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण वृषण उघडून नलिका निवडणे, असे तीन प्रकार आहेत. तिसऱ्याला मायक्रो टीसे म्हणतात. पीटर श्लेगल यांनी १९९९ मध्ये तिचे वर्णन केले. साधारण १५ ते २५ पट मोठे दिसत असताना जाड, फुगलेल्या, अपारदर्शक नलिका रिकाम्या नलिकांहून वेगळ्या ओळखू येतात आणि तेवढ्याच काढल्या जातात. त्यांच्या पहिल्या मालिकेत यशाचे प्रमाण ४५ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले आणि काढलेल्या ऊतींचे सरासरी वजन ७२० मिलिग्रॅमवरून ९.४ मिलिग्रॅमवर आले. नंतरच्या सर्वच एकत्रित विश्लेषणांनी यशातील फरक इतका मोठा दाखवलेला नाही, मात्र निर्मितीचा दोष असलेल्या पुरुषासाठी वर उल्लेखलेल्या सूचना याच पद्धतीला प्राधान्य देतात. सर्जनने या पद्धतीचा पुरेसा सराव केलेला आहे का आणि प्रयोगशाळा किती वेळ शोध घेते, या दोन गोष्टी पद्धतीच्या नावाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. काढलेल्या ऊती बारीक करून, कधी विकरांनी विरघळवून, तासन्‌तास थेंबाथेंबाने तपासाव्या लागतात. अर्ध्या तासात ‘काही नाही’ असे सांगितले गेले, तर शोध पुरेसा झाला असे मानू नये.

येथे एक प्रसंग नेहमी गोंधळ निर्माण करतो. पॅथॉलॉजिस्टचा अहवाल ‘सर्टोली सेल ओन्ली’ म्हणतो आणि त्याच दिवशी एम्ब्रियॉलॉजिस्टने शुक्राणू गोठवल्याचे कळवलेले असते. यात कोणाची चूक झाली असे समजण्याचे कारण नाही, कारण दोघांनी वेगवेगळे तुकडे पाहिलेले असतात. उपचारासाठी एम्ब्रियॉलॉजिस्टचा कागद ग्राह्य धरावा आणि पुढच्या वेळी शोध घ्यावा लागला तर काय अपेक्षा ठेवायची यासाठी पॅथॉलॉजिस्टचा.

शुक्राणू मिळाल्यानंतर

शुक्राणू मिळणे आणि मूल होणे यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि सांगितलेली टक्केवारी कोणत्या पायरीची आहे हे प्रत्येक वेळी विचारावे. याचे नेमके उदाहरण म्हणून ब्रसेल्समधील एका केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव पाहता येईल. निर्मितीचा दोष असलेल्या ७१४ पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांत शुक्राणू मिळाले. ज्या दांपत्यांनी त्यानंतर इक्सी करून घेतली त्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांना सर्व प्रयत्न मिळून मूल झाले. पण सुरुवातीच्या ७१४ पुरुषांच्या तुलनेत हे प्रमाण १३ टक्क्यांच्या थोडे वर भरते. हे तिन्ही आकडे खरे आहेत. दांपत्याने निर्णय घेताना आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते पाहून त्यांतील योग्य तो आकडा घ्यावा. शस्त्रक्रियेपूर्वी तिसरा, शुक्राणू हातात असताना दुसरा.

इक्सीमध्ये निर्मितीचा दोष असलेल्या वृषणातील शुक्राणूंनी फलन होण्याचे प्रमाण अडथळा असलेल्या पुरुषांच्या शुक्राणूंपेक्षा कमी राहते, हे बहुतेक अभ्यासांत दिसते. फलन होऊन चांगला गर्भ तयार झाला की पुढील फरक बराच कमी होतो. ऊतींच्या प्रकाराचा प्रभाव प्रामुख्याने शुक्राणू सापडतील का, या प्रश्नावर पडतो. एकदा ते सापडल्यावर मूल होण्याच्या शक्यतेवर सर्वाधिक प्रभाव स्त्रीच्या वयाचा आणि तिच्या स्त्रीबीजांच्या संख्येचा असतो. पुरुषाच्या तपासण्यांत वर्ष दोन वर्षे जाऊ देणे आणि तोपर्यंत पत्नीची तपासणीच न करणे, ही माझ्या मते या संपूर्ण उपचारातील सर्वांत महागात पडणारी दिरंगाई आहे. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल, तर दोघांच्या तपासण्या समांतर चालवाव्यात.

वृषणातून मिळालेले शुक्राणू बहुधा हलत नाहीत किंवा जागच्या जागी वळवळतात. ते मृतच आहेत असे नाही; त्यांतील जिवंत कोणते हे ओळखण्यासाठी सौम्य द्रावणात शेपूट फुगते का ते पाहतात, किंवा पेंटॉक्सिफायलिन घालून हालचाल जागी होते का ते पाहतात. प्रयोगशाळेत यांपैकी काय उपलब्ध आहे, हे आधी विचारावे.

शोध स्त्रीबीजे काढण्याच्या दिवशीच घ्यायचा की आधी घेऊन शुक्राणू गोठवायचे, हा खरा पेच आहे. गोठवलेल्या आणि ताज्या शुक्राणूंचे निकाल सर्वसाधारणपणे तुल्य असतात, पण मोजकेच शुक्राणू मिळाले असतील तर वितळवल्यावर ते टिकतीलच याची हमी नसते. उलट त्याच दिवशी शोध घेतला आणि काहीच मिळाले नाही, तर पत्नीने घेतलेली इंजेक्शने आणि काढलेली स्त्रीबीजे यांचे काय करायचे हे आधी ठरलेले असावे: स्त्रीबीजे गोठवायची, की दात्याचे शुक्राणू वापरायचे. अहवालावरून शुक्राणू मिळण्याची शक्यता कमी दिसत असेल, तर पत्नीची इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी शोध घेण्याकडे माझा कल राहील. शक्यता चांगली असेल तर दोन्ही एकाच वेळी करण्यात वेळ वाचतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी वीर्याचा आणखी एक नमुना तपासून घ्यावा, ही सूचना क्षुल्लक वाटते, पण क्वचित त्यातच शुक्राणू मिळून शस्त्रक्रिया रद्द झालेली आहे.

शुक्राणू मिळाले नाहीत तर

पहिल्या शोधातील ऊतींचा अहवाल अशा वेळी सर्वाधिक उपयोगी पडतो. काही ठिकाणी स्पर्मॅटिडपर्यंतच्या पेशी दिसल्या असतील, किंवा पहिला शोध सूक्ष्मदर्शकाविना घेतलेला असेल, तर दुसऱ्या प्रयत्नाला अर्थ आहे. सूज आणि रक्तस्राव भरून येण्यासाठी त्यापूर्वी किमान सहा महिने जाऊ द्यावेत. अनुभवी हातांनी दोन्ही वृषणांत मायक्रो टीसे करूनही सर्वत्र फक्त सर्टोली पेशीच मिळाल्या असतील, तर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरू नये. मधल्या काळात संप्रेरकांच्या गोळ्या किंवा अँटिऑक्सिडंट घेतल्याने दुसऱ्या वेळी शुक्राणू सापडतील, असा ठोस पुरावा नाही. गोल स्पर्मॅटिड स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत अद्याप प्रायोगिक मानली जाते. दात्याचे शुक्राणू आणि दत्तकविधान हे पर्याय या टप्प्यावर पहिल्यांदा न काढता शस्त्रक्रियेपूर्वीच शांतपणे बोलून ठेवलेले बरे.

शस्त्रक्रियेचा परिणाम पुरुषाच्या स्वतःच्या प्रकृतीवरही होतो. ऊती काढल्यानंतर टेस्टोस्टेरॉन काही महिने खाली येते आणि बहुतेकांत एक ते दोन वर्षांत पूर्वपदावर येते. क्लाइनफेल्टर असलेल्यांत ते उशिरा येते किंवा काहींत अपुरेच राहते. म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने सकाळच्या वेळी ही पातळी तपासावी, आणि थकवा, कामेच्छा कमी होणे अशा तक्रारी असतील तर त्याआधीही. टेस्टोस्टेरॉन देण्याची वेळ आली, तर पुन्हा शोध घेण्याचा विचार आहे का, हे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण ते औषध उरलीसुरली निर्मितीही थांबवते.

अहवालाच्या प्रतीबरोबर काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला ऊतींचा ठोकळा कोठे ठेवला आहे, त्याचा क्रमांक काय आणि प्रयोगशाळा तो किती वर्षे जपते, याची नोंद करून ठेवावी. दुसऱ्या केंद्रात जाताना तेथील पॅथॉलॉजिस्टला तोच नमुना पुन्हा पाहता येतो, आणि पुढे एखाद्या विशेष रंगप्रक्रियेची गरज पडल्यास नव्याने छेद द्यावा लागत नाही.